चिमटीचं घर चिमटीला द्या

एक होता गमबूट. फ्लोरीच्या पप्पांचा. काळा, मोठा, उजव्या पायाचा. डावा कधीच फाटला होता. म्हणून उजवा पडवीत एकटाच आडवा पडून असायचा.

त्या गमबुटात राहायची चिमटी. चिमटी म्हणजे उंदरीण. चिमटीत मावेल एवढीच होती, म्हणून नाव चिमटी. अंग एवढंसं, पण राग केवढा तरी मोठा.

चिमटीच्या पोटात पिल्लं होती. आज येतील, नाही तर उद्या येतील. मग पिल्लांना गादी नको का? चिमटीनं गोठ्यातल्या गाईपुढच्या पेंढ्याच्या काड्या आणल्या. एका वेळी एक काडी, तोंडात धरून. तुरुतुरु तुरुतुरु. मग ती काडी दातांनी कुरतडायची. कुट्ट कुट्ट, कुट्ट कुट्ट. कडक काडी मऊ व्हायची. असे पंधरा दिवस गेले, आणि गमबुटात मऊ मऊ घर झालं.

पडवीच्या आत माणसांचं मोठं घर होतं, तिथे राहायची फ्लोरी. फ्लोरी चार वर्षांची. उद्या नाताळ होता. पप्पांनी कोपऱ्यात नाताळचा छोटा देखावा मांडला होता. मातीची गाय, मातीची मेंढरं, मधोमध इवलीशी लाकडी गव्हाण. उद्या त्या गव्हाणीत बाळ येशूला निजवायचं होतं.

गव्हाणीत पेंढा हवा. पण उगाच नाही घालायचा. मम्मीचा नियम होता. एक चांगलं काम, एक काडी. आपलं ताट उचललं, एक काडी. धाकट्या बॉस्कोला भरवलं, एक काडी.

महिनाभरात फ्लोरीच्या काड्या किती झाल्या? तीन. शेजारच्या रिनेटच्या गव्हाणीत तर पेंढा मावत नव्हता. फ्लोरीला फार वाईट वाटलं. तीन काड्यांवर बाळ कसं झोपणार?

तिनं इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. पडवीत गमबूट दिसला. गमबुटात हात घातला, तर आत मऊ मऊ पेंढा. कुणाचा, हे काही तिनं विचारलं नाही. सगळा उचलला आणि गव्हाणीत कोंबला.

चिमटी तेव्हा दाणे शोधायला गेली होती. ती परत आली. तिनं गमबुटात पाहिलं. टाचेपाशी पाहिलं, काही नाही. बोटांपाशी पाहिलं, काही नाही. एक काडी म्हणून नाही.

चिमटीला रडू आलं. थोडंसंच आलं. मग राग आला, तो पुष्कळ आला. ती निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. थेट गव्हाणीपाशी.

"फ्लोरी, फ्लोरी, घर दे.
माझं घर माझं आहे.
घेतल्याशिवाय राहणार नाही."

फ्लोरीनं गव्हाणीवर दोन्ही हात ठेवले.

"नाही देणार," फ्लोरी म्हणाली. "मग गव्हाण रिकामी होईल. तू दुसरा पेंढा आण. मग देईन."

आता बघा. घर चिमटीचं, घेतलं फ्लोरीनं, आणि पेंढा आणायचा चिमटीनं. पण चिमटीनं शेपूट ताठ केलं आणि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गोठ्यात, खऱ्या गाईकडे.

"गाई, गाई, पेंढा दे.
फ्लोरी देईना घर.
माझं घर माझं आहे.
घेतल्याशिवाय राहणार नाही."

गाय पेंढ्यावर बसली होती. चप चप, चप चप रवंथ चालला होता.

"नाही उठत जा," गाय म्हणाली. "सण आला. सगळ्यांना गोडधोड. मला काय? तोच पेंढा. मला नारळाचा चोथा आण, ओला ओला. मग उठेन, मग पेंढा देईन."

"आणते चोथा," चिमटी म्हणाली. निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. स्वयंपाकघरात.

मम्मी फुगे करणार होती. हवेचे नाही हं, खायचे. मैद्याचे गोल गोल, नारळाच्या दुधात भिजवलेले, तेलात तळलेले. मैदा परातीत पडला होता. मम्मी नारळाची वाट बघत होती.

"मम्मी, मम्मी, चोथा दे.
गाय देईना पेंढा,
फ्लोरी देईना घर.
माझं घर माझं आहे.
घेतल्याशिवाय राहणार नाही."

मम्मी उंदराला मुळीच भीत नाही. असं मम्मीच सांगते. पण आत्ता मात्र ती स्टुलावर चढली आणि तिथूनच बोलली.

"कुठला चोथा? नारळ खवला तर दूध निघणार. दूध काढलं तर चोथा उरणार. नारळच सोललेला नाही. पप्पांना सांग, सोला म्हणावं. आणि आधी माझ्या स्टुलापासून लांब हो."

"सांगते पप्पांना," चिमटी म्हणाली. निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. अंगणात.

पप्पा तारा करत होते. बांबूच्या कामट्यांचा मोठा तारा, पाच टोकांचा. चार टोकांना लाल कागद लागला होता. पाचवं टोक उघडं होतं. पप्पा त्या उघड्या टोकाकडे बघत बसले होते.

"पप्पा, पप्पा, नारळ सोला.
मम्मी देईना चोथा,
गाय देईना पेंढा,
फ्लोरी देईना घर.
माझं घर माझं आहे.
घेतल्याशिवाय राहणार नाही."

"अगं, सोलेन की," पप्पा म्हणाले. "पण एक टोक राहिलंय बघ. डिंकाची बाटली बॉस्कोनं पळवली. तो देत नाही. डिंक आण. तारा पुरा होऊ दे. मग नारळ."

"आणते डिंक," चिमटी म्हणाली. पोट जड झालं होतं. पाय दुखत होते. तरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. बॉस्कोकडे.

बॉस्को दोन वर्षांचा. उंबऱ्यावर बसला होता. एका बगलेत डिंकाची बाटली. गालाला डिंक, केसांना डिंक, नाकाला डिंक.

"बॉस्को, बॉस्को, डिंक दे.
पप्पा सोलेनात नारळ,
मम्मी देईना चोथा,
गाय देईना पेंढा,
फ्लोरी देईना घर.
माझं घर माझं आहे.
घेतल्याशिवाय राहणार नाही."

बॉस्कोनं ओठ पुढे काढला.

"नाई," बॉस्को म्हणाला. "माऊ पायजे."

"माऊ कशाला?"

"मांडीत पायजे. माऊ आण. मग डिंक."

आता आली का पंचाईत? माऊ म्हणजे मांजर. आणि चिमटी म्हणजे उंदरीण. उंदरीण मांजराला बोलवायला जाते का कधी? दुसरी कुणी असती तर परत फिरली असती. गमबुटात जाऊन गप्प बसली असती.

चिमटी थांबली. खूप घाबरली. मग तिनं आपल्या पोटाकडे पाहिलं. पिल्लं आज येतील, नाही तर उद्या येतील. ती निघाली. तुरु... तुरु... तुरु... तुरु...

माऊ खिडकीत उन्हात पडली होती. गोल, गुबगुबीत, पिवळी. चिमटी खिडकीवर चढली. माऊच्या नाकासमोर उभी राहिली.

"माऊ, माऊ, खाली चल.
बॉस्को देईना डिंक,
पप्पा सोलेनात नारळ,
मम्मी देईना चोथा,
गाय देईना पेंढा,
फ्लोरी देईना घर.
माझं घर माझं आहे.
घेतल्याशिवाय राहणार नाही."

माऊनं एक डोळा उघडला.

"तू उंदीर ना?" माऊ म्हणाली.

"हो."

"मी मांजर ना?"

"हो."

"मग तुला भीती नाही वाटत?"

"वाटते," चिमटी म्हणाली. "खूप वाटते. हे बघ, पाय कसे लटपटतायत. पण घर माझं आहे."

माऊनं जांभई दिली. सगळे दात दाखवले.

"बॉस्कोकडे मी जात नाही. तो फार आवळतो. आणि तू आता जाऊ नकोस. मला भूक लागली आहे."

असं म्हणून माऊनं दुसरा डोळा उघडला. उठून उभी राहिली. पंजा उचलला.

चिमटी पळाली का? नाही. ती माऊच्या पोटाखालून पलीकडे गेली. माऊचं जाड शेपूट खिडकीतून लोंबत होतं. चिमटीनं ते दातात धरलं.

कुट्ट.

"म्यॅंव," माऊ किंचाळली.

आता पळाली चिमटी. तुरुतुरुतुरुतुरु. मागून माऊ. धबधबधबधब. चिमटी खुर्चीखालून. माऊ खुर्चीवरून. चिमटी उंबऱ्याकडे. माऊ उंबऱ्याकडे. चिमटी बॉस्कोच्या मांडीवर चढली, मांडीवरून उतरली. मागून माऊची उडी.

धप्प. माऊ बॉस्कोच्या मांडीत.

"माऊ," बॉस्को म्हणाला, आणि त्यानं दोन्ही हातांनी माऊला मिठी मारली. डिंकाच्या हातांनी. आता माऊ कुठली सुटते? तिनं तोंड आंबट केलं आणि बसून राहिली.

माऊ आली मांडीत.
बॉस्कोनं सोडला डिंक. टण्ण.
पप्पांनी चिकटवलं टोक. पच्च.
तारा झाला पुरा.
पप्पांनी सोलला नारळ. खाट खाट.
मम्मीनं खवला नारळ. खर्र खर्र.
दूध गेलं मैद्यात. चोथा आला पाटीत.
गाईनं खाल्ला चोथा. चप चप.
गाय उठली. पेंढा मिळाला.

चिमटीनं पेंढा तोंडात धरला. ओढत ओढत आणला. सर्र सर्र, सर्र सर्र. गव्हाणीपाशी ठेवला.

"हा घे पेंढा," चिमटी म्हणाली. "आता माझं घर दे."

फ्लोरीनं पेंढ्याला हात लावला.

"हा टोचतो," फ्लोरी म्हणाली. "हा नको. मला मऊ आण."

काय म्हणावं या मुलीला? चिमटी चिडली. अशी चिडली की तिच्या मिशा थरथरल्या. ती गव्हाणीवर चढली. आत गेली. बरोबर मधोमध बसली.

"जा," चिमटी म्हणाली. "आता मी इथून हलत नाही. पेंढा टोचतो ना? माझाही टोचत होता. मी कुरतडला. एक एक काडी. पंधरा दिवस. दात दुखले माझे. माझ्या पिल्लांसाठी केला मी तो मऊ. तू काय केलंस? हात घातलास आणि उचललास."

फ्लोरी गव्हाणीवर वाकली. तिनं चिमटीचं पोट पाहिलं. गोल गोल, वर खाली होणारं.

"तुला बाळ होणार आहे?" फ्लोरीनं हळूच विचारलं.

"एक नाही. पुष्कळ."

फ्लोरीचे डोळे भरून आले. तिला लाज वाटली. फार लाज वाटली. तिनं गव्हाणीत दोन्ही हात घातले. चिमटीला घरासकट उचललं. स्वतःच्या तीन काड्या तेवढ्या मागे ठेवल्या. पाय न वाजवता पडवीत गेली. घर गमबुटात ठेवलं, अगदी बोटांपर्यंत सारलं. वाटेत चार तुकडे सांडले होते. तेही वेचून आणले.

"घे. तुझं आहे," फ्लोरी म्हणाली.

"माझंच होतं," चिमटी म्हणाली.

"आणि हा टोचरा पेंढा?"

"तोही माझा. मी आणला."

तोही चिमटीला मिळाला. तिनं तो गमबुटाच्या तोंडाशी लावला, टोकं बाहेर करून. झालं घराला दार. आता माऊनं नाक घालून बघावंच.

मम्मी दारातून बघत होती. हात मैद्यानं भरलेले. तिनं गाईपुढची एक काडी आणली आणि फ्लोरीच्या हातावर ठेवली.

"ही कशाची?" फ्लोरीनं विचारलं.

"आत्ताच्या कामाची."

फ्लोरीनं काडी गव्हाणीत ठेवली. तिनं मोजल्या. एक, दोन, तीन, चार.

"चारच झाल्या, मम्मी. रिनेटच्या खूप आहेत."

"असू देत. तुझ्या चार आहेत. चारही तुझ्या आहेत."

फ्लोरीनं डोळे पुसले. मग फुगे खाल्ले. पाच खाल्ले.

सकाळी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, घंटा वाजल्या. नाताळ आला. बाळ येशू गव्हाणीत निजला, चार काड्यांवर. मुळीच रडला नाही.

फ्लोरी आणि बॉस्को पडवीत आले. नवे कपडे, नवे बूट. माऊ त्यांच्या आधीच आली होती. तिनं गमबुटाला नाक लावलं होतं. नाकाला टोचलं होतं. म्हणून ती लांब बसून नाक चाटत होती.

मुलं वाकली. पेंढ्याच्या फटीतून आत पाहिलं. आत पिल्लं होती. गुलाबी, उघडी, बोटाच्या पेराएवढी. मऊ मऊ घरात एकमेकांना चिकटून झोपली होती. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

बॉस्कोनं बोट पुढे केलं.

चिमटी बाहेर आली. मागच्या दोन पायांवर उभी राहिली. एवढीशी चिमटी, समोर एवढी मोठी मुलं.

"बघायचं," चिमटी म्हणाली. "हात लावायचा नाही."

बॉस्कोनं बोट मागे घेतलं.

पिल्लं झोपली. मुलं जेवायला गेली. आता तुम्हीही डोळे मिटा. पण कुणाच्या गमबुटात हात घालायचा असेल, तर आधी विचारा. चिमटी दारातच उभी आहे.