चाफेरकरांच्या बागेतील सहा जणी

“मग त्या येत का नाहीत, बाई?”

सुनेत्राने हे दुसऱ्यांदा विचारले. द्वारकाबाई ओसरीच्या कडेला बसल्या होत्या. सुजलेले पाय त्यांनी कोमट पाण्याच्या घमेल्यात सोडले होते.

“कोण येत नाहीत?”

“आत्ताच तर सगळं सांगितलं तुम्हाला!”

“पुन्हा सांग. मघाशी तू स्वतःविषयी फार बोललीस, त्यांच्याविषयी थोडं.”

सुनेत्राने सुस्कारा टाकला. अकरा बागांचे चढउतार तिच्या पोटऱ्यांत उतरले होते. द्वारकाबाई त्या तालुक्यात चाळीस वर्षे परिचारिका होत्या. नव्या डॉक्टरचे उरलेसुरले शिक्षण त्यांच्या ओसरीवर पुरे व्हायचे. डॉक्टर सुनेत्रा ओक ही त्यांची शेवटची विद्यार्थिनी, आणि स्वतःच्या हुशारीविषयी सर्वांत निःशंक.

हापूसच्या बागा राखायला दर वर्षी नेपाळातून कुटुंबे येतात आणि पावसाळा तोंडावर आला की परत फिरतात. त्यांतल्या पुरुषाला गुरखा म्हणायचे नि बाईला गुरखीण, अशी त्या किनाऱ्याची रूढी. मग ती कुठल्या का गावची, कुळाची असेना. या बायकांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची माहिती द्यायची आणि त्यांची तपासणी करायची, असा सुनेत्राने ध्यास घेतला होता. तिने चित्रे रंगवून घेतली. नेपाळी वाक्ये घोकली. चैत्राच्या उन्हात बागेमागून बाग पालथी घातली.

“माझं नेपाळी ऐकून त्या हसायच्या, पण उठून जायच्या नाहीत. एकसष्ट जणींची तपासणी झाली. नमुने शहरातल्या प्रयोगशाळेत धाडले. साठ निर्दोष निघाले.”

“आणि एक?”

“एक नाही.”

द्वारकाबाईंनी घमेल्यातला पाय हलवला. पाणी एकदा डुचमळले आणि थांबले.

“रोग किती पुढे गेलाय?”

“फार नाही. तेच तर! आत्ता हाती लागली तर ती पूर्ण बरी होईल. अजून दोन वर्षांनी…” तिने मान हलवली.

“मग तिला सांग.”

“कुणाला सांगू? ती चाफेरकरांच्या बागेतली आहे. तिथे सहा जणी आहेत. त्यांतली कोणती, ते समजत नाही. सहाही जणींना निरोप दिला, एकीच्या तपासणीत दोष आढळलाय, सगळ्यांनी पुन्हा या. एकही फिरकली नाही. परवा स्वतः गेले. आंबे पिकवायच्या आढीसाठी पेंढा पसरत होत्या. एकीनंही मान वर केली नाही. दहा दिवसांत बाग रिकामी होईल, बाई. मग ती सरहद्दीपलीकडे जाईल आणि…”



“घाबरल्या असतील.”

“घाबरवणारा बसलाय ना तिथे! चाफेरकर त्यांच्यादेखत मला म्हणाले, ‘आजारी कोण ते सांगा, आजच्या आज गाडीत बसवतो, ऐन हंगामात दुखणी कोण निस्तरणार?’ आता जी पहिली उठेल, तीच रोगी ठरणार. मग उठेल कोण?”

सुनेत्राचा आवाज चढला.

“त्या माणसाची फवारणीची वही पाहिलीय मी. दीडशे कलमं, आणि प्रत्येकाला नाव! गडग्यावरचं, विहिरीवरचं, थोरलं, वाकडं. एकाचं नाव तर जावईबापू.”

“जावईबापू कशाला?”

“खत भरपूर खातं आणि आंबा धरत नाही म्हणून.”

द्वारकाबाईंना हसू आले. सुनेत्राही हसली; बऱ्याच दिवसांनी.

“पण त्या सहा जणींची नावं विचारली, तर म्हणतो, ‘गुरखिणींना कसली आलीत नावं!’ झाडाला नाव आहे, बाईला नाही. माणूस म्हणायचा का याला?”

“नसेल,” द्वारकाबाई म्हणाल्या. “तो अहवाल आण बघू.”

सुनेत्राने पिशवीतून कागद काढून दिला. द्वारकाबाईंनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि परत केला.

“अक्षर बारीक आहे. रुग्णाचं नाव वाच.”

सुनेत्रा कागदाकडे पाहत राहिली.

“वाच गो.”

“…चाफेरकर बाग, गुरखीण चार.”

“प्रयोगशाळेनं ठेवलं हे नाव?”

“त्यांनी बाटलीवर होतं ते उतरवलं.”

“आणि बाटलीवर?”

“वहीत होतं ते.”

“कुणाच्या वहीत? चाफेरकराच्या?”

परसात कुणीतरी नारळ सोलत होते. पहारीचा आवाज एक, दोन, तीन वेळा आला…

“माझ्या.”

द्वारकाबाईंनी पाय पाण्याबाहेर काढले, पदराने सावकाश पुसले. मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे सरत्या महिन्याचे पान फाडले, कोऱ्या बाजूने सुनेत्रापुढे ठेवले आणि पेन्सिल दिली.

“सहा रेघा ओढ.”

सुनेत्राने रेघा ओढल्या. चौथी रेघ वाकडी गेली.

“आता जा. रोगाचं एक अक्षर काढू नकोस. त्यांच्याबरोबर पेंढा पसर आणि या रेघा भरून आण.”

“तेवढ्यानं त्या येतील?”

“मला काय ठाऊक!”

सुनेत्रा उठली नाही. कागदाची कडा ती पुन्हापुन्हा दुमडत होती. मग जणू दुसऱ्याच कुणाची हकीकत असावी तसे, ती बोलू लागली.

“त्या दिवशी सूर्य कलला होता. त्यांचे उच्चार मला पकडता येईनात. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. चाफेरकर म्हणाले, एक-दोन-तीन घाला, काम उरका. मी घातले… एकीनं पुन्हा सांगितलं होतं. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. मी म्हटलं, राहू दे, आडवी हो.”

“हं.”

“बाई, आज जाऊन नावं विचारली, तर त्या दिवशी मी त्यांना माणसांत धरलं नव्हतं, हे त्यांना कळेल.”

द्वारकाबाईंनी घमेले उचलले आणि गढूळ पाणी अंगणात ओतून दिले.

“ते त्यांना त्याच दिवशी कळलं, सुनेत्रा.”