सभापतींच्या हातचा बोल्ट

विश्वास कोणावर ठेवाल हो, मोठ्या तोंडावर की कामाच्या हातावर? माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानाला लागून शाहीनबीचं गॅरेज. एकदा बाजार समितीचे सभापती खंडेराव, जुने पैलवान, मोटरसायकल ढकलत आले. इंजिनाखालच्या बोल्टच्या भोकातले आटे गेले होते, ऑइल गळत होतं.

“परवा ऑइल बदलताना बोल्ट ढिला ठेवलास, म्हणून आटे गेले! गाळा समितीचा आहे, उद्या खाली कर.”

“नंतर तुम्ही पाना लावला होता का, साहेब?”

“मी? मुळीच नाही!”

शाहीनबीने भंगारातलं इंजिनाचं ॲल्युमिनियमचं केसिंग पुढे ठेवलं, त्यात बोल्ट बसवला. “मग घट्ट म्हणजे किती, ते दाखवाच.”

माणसं जमली तसा पैलवानाला चेव आला. पान्याला पाइप लावून त्यांनी जोर केला आणि बोल्ट हातात आला, भोकातल्या आट्यांची चकचकीत तार अंगाला गुंडाळून. शाहीनबीने गाडीचा बोल्ट शेजारी धरला. त्यालाही तशीच तार!

“ढिला बोल्ट नुसता गळून पडतो, साहेब. आटे उपटून आणतो तो तुमचा हात!”

सगळा बाजार हसला. तिने भोक वाढवून नवे आटे पाडले, त्यात पोलादी बुश, म्हणजे आतून आट्यांची नळी, बसवला. तोवर बॅटरीचा उजेड धरून सभापतीच उभे. गाळ्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

तेव्हा मंडळी, हिशोब चोख ठेवा. मोडतोड ज्याची, त्याच्याच नावावर मांडा.