वेझ्बिनची बिनदाराची वेस

पोलंडमधल्या वेझ्बिन या छोट्याशा गावाला वेस आहे, पण वेशीला दार नाही. दगडात दोन जाडजूड बिजागऱ्या तेवढ्या आहेत, त्याही तेल घालून ठेवलेल्या. गाव दाखवणाऱ्या स्तेफानियाबाई ऐंशीच्या घरातल्या. म्हणाल्या, "आधी बिजागऱ्यांना हात लावा, मग सांगते."

फार पूर्वी इथे इग्नात्सी नावाचा राखणदार होता. त्याच्या बापाने एकदा दया येऊन तिन्हीसांजेनंतर दार उघडलं आणि लुटारू आत घुसले, अर्धं गाव जळालं, असं सांगतात. म्हणून किल्ली घेताना इग्नात्सीला चर्चमध्ये शपथ घ्यावी लागली, की सूर्य मावळल्यावर दार कुणासाठीही उघडणार नाही. उघडलं तर आपल्या घराण्याला गावात थारा नको. बापाचं तोंड दुधाने पोळलं होतं, लेक ताक फुंकून पीत होता. उशिरा आलेल्या पाद्रीबाबांनाही त्याने एकदा बाहेर कुडकुडत ठेवलं म्हणे.

हिवाळा सरत आला होता. पलीकडच्या काठचा बाजार करून सात बायका गोठलेल्या नदीवरून परतत होत्या. त्यांत इग्नात्सीची एकुलती एक लेक हान्का होती. सूर्य बुडाला, दाराला कुलूप लागलं आणि तेवढ्यात बर्फ फुटला. बायका एका तुकड्यावर अडकल्या. काठ आणि त्यांच्यामध्ये घोडागाडी बुडेल एवढं पाणी उघडं पडलं.

त्यांच्या हाका ऐकून गाव वेशीत जमलं. "दार उघड," लोक म्हणू लागले. इग्नात्सी किल्ली मुठीत धरून उभा होता. मग त्याला सुचलं, नुसतं दार उघडून काय होणार? पाणी ओलांडायला लांब फळी हवी, आणि एवढी लांब फळी गावात एकच होती.

"पहारी आणा," तो म्हणाला.

बारा जणांनी ते ओकचं दार बिजागऱ्यांवरून उचकटलं आणि पाण्यावर आडवं टाकलं. सातही बायका त्यावरून रांगत आल्या. हान्का शेवटची.

नगरप्रमुख चौकशीला आले. त्यांची बायकोही त्या सातांत होती.

"शपथ मोडलीस ना?"

"नाही, मालक. कुलूप बघा, लागलेलंच आहे."

नगरप्रमुख आधी हसले, मग रडले म्हणतात. पुढे ते दार बर्फाबरोबर वाहून गेलं. गावाने दुसरं केलं नाही.

"मग चोर आले नाहीत?" आम्ही विचारलं.

"आले असतील. कोण लक्षात ठेवतंय? हान्का लक्षात आहे."

आजही सूर्यास्ताला राखणदार किल्ली घेऊन रिकाम्या वेशीत उभा राहतो आणि नदीकडे तोंड करून विचारतो, "कुणी बाहेर राहिलंय का?" गावकरी "सगळे आले" म्हणेपर्यंत तो हवेत किल्ली फिरवत नाही. त्या संध्याकाळी आमच्या सहलीतल्या निर्मलाताई काठावर फोटो काढत रेंगाळल्या होत्या. त्या धापा टाकत येईपर्यंत सगळा चौक गप्प उभा होता.