शेवटचा 'ई'

आरोग्य खात्यातल्या अवचट साहेबांना आपल्या इंग्रजीचा फार अभिमान होता. अर्जात एक स्पेलिंग चुकलं, तरी ते लाल खूण करून अर्ज परत पाठवत.

त्यांच्या हाताखाली, दूरच्या एका आरोग्य केंद्रात शेवंता मडावी ही नर्स होती. तिची आई वर्ध्याला अंथरुणाला खिळली होती आणि तिच्याजवळ दुसरं कोणी नव्हतं. शेवंताने बदलीसाठी इंग्रजीत अर्ज केला. 'माणुसकीच्या कारणास्तव' असं लिहिताना तिच्या हातून 'ह्यूमेन'ऐवजी 'ह्यूमन' लिहिलं गेलं आणि अर्ज परत आला.

पाच तास एसटीने प्रवास करून ती थेट साहेबांसमोर उभी राहिली.

"सिस्टर, ह्यूमन म्हणजे माणूस आणि ह्यूमेन म्हणजे माणुसकी असलेला," साहेब म्हणाले. "शेवटी एक 'ई' लागतो. एवढाही फरक कळत नाही तुम्हाला?"

"आता कळला, सर," शेवंता शांतपणे म्हणाली. "माणूस तर आपण सगळे जन्मतःच असतो. माणुसकीला एक अक्षर जास्त लागतं. या अर्जावर ते लिहिणं माझ्या हातात नाही, तुमच्या हातात आहे."

साहेबांनी तिचा अर्ज पुढे ओढला. मग त्यांनी पेन उघडलं, शब्दाच्या शेवटी 'ई' लिहिला आणि बदली मंजूर करून खाली सही केली.

शेवंताचे डोळे भरून आले. "सर, आईला तुमचं नाव सांगेन. ती रोज तुमचं भलं चिंतेल."

"नाव नका सांगू," साहेब ओशाळून म्हणाले. "अर्ज आधी परत पाठवला होता, तेही मग सांगावं लागेल."