बुरुडाच्या अंगठ्यातली जाळी

एका बुरुडाच्या अंगठ्यात एक गाव होतं. अंगठ्यात कुठं गाव असतं का, असं तुम्ही म्हणाल. असतं बाबांनो. तुमच्याही अंगठ्यात आहे, पण आपलं लक्ष जातं ते दुखायला लागल्यावरच.

त्या गावाच्या गल्ल्यांतून रक्ताचे ओहोळ वाहायचे. तांबड्या कावडवाल्या घरोघरी श्वास पोचवायच्या आणि पांढरे राखणदार गस्त घालायचे. राखणदार जन्मायचे हाडांच्या पोटात, आणि जगायचे अगदी थोडं. पण कुणी कुरकुर करत नसे.

एकदा टोपली विणताना बांबूची काडी अंगठ्यात घुसली. तिच्याबरोबर चोर आत शिरले, नुसती झुंबड! राखणदार धावले. आधी त्यांनी चोरांना धरधरून गिळलं. पोटं भरली, तरी चोर सरेनात. तेव्हा एका राखणदारानं काय करावं? त्यानं आपलंच पोट फाडलं. आत जन्मापासूनचा लांबच लांब धागा गुंडाळून ठेवलेला होता, तो ओढून काढला, त्याला जालीम विष माखलं आणि चोरांवर भिरकावला. धाग्याचं जाळं झालं. चोर त्यात चिकटले ते चिकटलेच. राखणदार मात्र तिथंच संपला. अशा जिवाला हात जोडावेत, दुसरं काय.

त्याचं बघून दुसऱ्यानं टाकलं, मग आणखी कितीकांनी टाकलं. राखणदारांची रीतच तशी होती. जाळं दिसलं की लढाई चालू आहे असं समजायचं, आणि आपलंही टाकायचं.

चोर केव्हाच मेले. पण नवे राखणदार येतच होते आणि जाळी बघून जाळी टाकतच होते. गल्ल्या तुंबल्या. विष आपल्याच घरांच्या भिंतींना लागलं. गाव तापलं, लाल झालं, टम्म सुजलं. बुरूड बिचारा अंगठा धरून कण्हत बसला.

तेवढ्यात एक राखणदार तिथं नव्यानं आला. समोर जाळी बघून त्यानंही पोटाला हात घातला.

"थांब रे दादा!" एक कावडवाली ओरडली. ती जाळ्यात अडकली होती. "शेंड्याकडं जायला ही एवढीच वाट उरलीय. तू जाळं टाकलंस तर पलीकडची घरं श्वासावाचून मरतील."

"पण जाळं पडलंय म्हणजे चोर असणारच ना?"

"मग दाखव की एक तरी जिवंत!"

तो वाकून वाकून जाळं तपासू लागला. मागून सोबती हसले, "काय रे, चोरांशी सोयरीक जुळवतोस का? का जीव प्यारा झाला?"

ते त्याला फार लागलं. जीव द्यायला तो भीत नव्हता. पण कशासाठी द्यायचा, हे बघायला नको?

"चोर उरलेले नाहीत," तो शांतपणे म्हणाला. "मी टाकलं तर माझं बघून मागचा टाकील. मी नाही टाकणार."

गल्लीच्या तोंडाशी झाडूवाली मावशी होती. अंगानं थोराड, चालीनं संथ. गावातलं मेलेलं, मोडलेलं सगळं ती आपल्या पोटात घ्यायची. राखणदार तिच्यापाशी गेला.

"मावशी, माझी वेळ भरत आली. मला धाग्यासकट घे. बाहेर काही सांडू देऊ नकोस."

"ये माझ्या राजा," मावशी म्हणाली, आणि तिनं त्याला अलगद पोटात घेतलं.

तो असा निवांत आला, त्यावरून मावशीनं ओळखलं की लढाई संपली. तिनं हाळी दिली, "झालं रे पोरांनो, आता आवरा!"

मघाशी हसणाऱ्यांचे हात पोटावरच थांबले. हाळी ऐकून ओहोळातून गावचे धागे कातरणारे गडी आले. ते कातरत गेले, मावशी गिळत गेली. कावडवाली सुटली आणि कावड सावरत शेंड्याकडं पळाली. तिथली घरं अजून धुगधुगत होती.

हळूहळू सूज उतरली. बुरुडानं पुन्हा कोयता हातात घेतला, तशी बायको म्हणाली, "अहो, दुखतंय ना अजून?"

"नाही गं. बरा झाला आपोआप."

त्याला काय ठाऊक! तो आपला टोपली विणायला बसला.

यातून घ्यायचं तात्पर्य: दुसऱ्यांसाठी जीव टाकणारा थोर खराच; पण संकट टळलेलं ओळखून, लोकांचं हसणं सोसून हात आवरणारा त्याच्या जोडीनंच बसवावा.