साळजाईचा चेहरा

“आणि त्यानंतर काय लावता?”

“कशानंतर?”

“तोंड धुतल्यानंतर, आक्का! मघापासून तेच तर विचारतेय.”

“धुतल्यावर पुसते,” हौसाक्का म्हणाल्या आणि पुन्हा वाती वळायला लागल्या.

ऊर्मिला तोडकरनं डोळे मिटून घेतले. तालुक्याहून एसटीनं फाट्यापर्यंत, तिथून भर उन्हात टेकाड चढून ती साळजाईच्या देवळात आली होती, ती ‘पुसते’ एवढं ऐकायला नव्हे.

हौसाक्का गुरवीण ही साळजाईची पुजारीण. वय अठ्ठ्याहत्तर. दातांनी कधीच रजा घेतलेली, पण गाल असे तुकतुकीत की नव्या सुनेनं हेवा करावा. पंचक्रोशीतल्या बायका देवीचं दर्शन घेत आणि जाता जाता हौसाक्कांचे गाल बघून जात.

ऊर्मिलाचं तालुक्यात ब्युटी पार्लर. पुण्याचा सहा महिन्यांचा कोर्स, भिंतीवर काचेच्या चौकटीत सर्टिफिकेट. चेहऱ्याच्या बाबतीत आपल्याला कुणी काही शिकवावं, अशी जागाच तिनं ठेवली नव्हती. आणि आता तिचाच चेहरा भाजल्यासारखा लाल झाला होता. गालांची सालपटं निघत होती. हसलं तरी चरचरत होतं.

पार्लरवालीचं तोंड म्हणजे दुकानाची पाटी. पाटीच जळकी दिसल्यावर गिऱ्हाईक पायरी कशाला चढेल? वीस दिवसांवर इनामदारांच्या मुलीचं लग्न होतं, नवरीचा मेकअप ऊर्मिलाकडे होता. काल नवरीची आई पार्लरमध्ये येऊन तिच्या तोंडाकडे टक लावून बसली आणि जाताना “बघू, कळवते” म्हणाली. या ‘बघू’चा अर्थ कळायला कुठला कोर्स लागत नाही.

“बरं,” ऊर्मिला दातावर दात दाबून म्हणाली. “पहिल्यापासून सांगा. सकाळी काय?”

“गार पाणी. लईच मळ असला तर साधा साबन. पर घासायचं न्हाई.”

“मग?”

“अंग कोरडं पडलं तर खोबऱ्याचं त्येल, दोन थेंब. उन्हात जाताना डोईवरनं पदर.”

“आणि रात्री?”

“रात्री झोपते.”

...

ऊर्मिलाच्या मस्तकात तिडीक गेली. “आक्का, मी लांबून आलेय हो. काहीतरी लपवताय तुम्ही. हे असलं तर त्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईपण सांगत होत्या.”

“काय सांगत हुत्या?”

“सगळं बंद करा म्हणे. सौम्य साबण, एक साधं मलम, उन्हात जाताना लावायची एक क्रीम. बास.”

“मंग ब्येस सांगितलंय की.”

“ब्येस काय, आक्का! दहा रुपयांचा केसपेपर तो. त्यात कुठं चेहरा बरा होतो?”

“क्येलंस का पर?”

“केलं ना. दोन दिवस केलं.”

“आनि तिसऱ्या दिवशी?”

ऊर्मिला जरा घुटमळली. “फरक दिसेना. म्हणून वरून थोडं सिरम लावलं.”

हौसाक्कांनी वात खाली ठेवली.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. ऊर्मिलानं पिशवी उघडली आणि सभामंडपाच्या फरशीवर एकेक बाटली मांडायला सुरुवात केली. मांडता मांडता तिचा आवाज आपोआप पार्लरमधला झाला. “हे मळ काढायचं. हे भोकं बुजवायचं. हे वरची साल काढायचं. आणि हे साल काढलेल्या जागी लावायचं.”

“साल काढल्यावर तिथं लावायचं?”

“हो.”

“मंग काढायची कशाला?”

“तुम्हाला नाही कळायचं ते, आक्का.”

हौसाक्का त्या नऊ बाटल्यांकडे बघत राहिल्या. त्यांना राग आला होता, आणि उभ्या आयुष्यात त्यांनी तो कधी लपवला नव्हता. पण आत्ता त्या ओरडल्या नाहीत. गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

“ऊठ. पाय धू आनि आत ये.”

गाभाऱ्यात समई तेवत होती. साळजाई हिरव्या लुगड्यात उभी होती, चांदीच्या मुखवट्यात डोळे मोठे, नाक धारदार. ऊर्मिलानं लहानपणापासून पाहिलेली देवी ती हीच.

हौसाक्कांनी दार लोटलं. मग त्यांनी असं काही केलं, जे गुरवाच्या घराबाहेरच्या माणसासमोर कधी करत नाहीत. दोन्ही हातांनी देवीचा मुखवटा उतरवला.

ऊर्मिला एक पाऊल मागं सरकली.

मुखवट्यामागं चेहराच नव्हता. नाक नाही, डोळे नाहीत. ओढ्यातल्या गोट्यासारखा गुळगुळीत काळा दगड, आणि खाली जिथं ओठ असायचे तिथं एक पुसटशी खाच.

“हे... हे कुणी केलं? चोरांनी?”

“भक्तांनी.”

“भक्तांनी?”

“दर मंगळवारी, शुक्रवारी पंचामृत व्हायचं. दूध, दही, तूप, मध. शेवटाला साखर. ती साखर देवीला चोळायची, मान असायचा त्यो. घरोघर वार वाटून दिल्याले. आमच्याकडं शुक्रवार.” हौसाक्का दगडाकडे बघत होत्या. “मी नवी सून. देवी उजळ दिसावी म्हनून समद्यांत जोरानं मी चोळायची. सासू म्हनायची, पोरीच्या हातात भक्ती हाय. मला लई अभिमान वाटायचा. नाक माझ्या हातनं गेलं.”

पन्नास-पंचावन्न वर्षं झाली होती, पण ती टोचणी अजून गेली नव्हती.

“मग गावानं थांबवलं नाही?”

“थांबवतंय कुठलं! काळी दिसाय लागली म्हनून चिंच लावली. चिंचंनं भेगा पडल्या म्हनून शहरातली मानसं आनून वज्रलेप घातला. त्यो दोन वर्सांत पोपडे धरून निघाला. जाताना डोळं संगट घेऊन गेला.”

“आणि आता?”

“आता पंचामृत त्या शेजारच्या धाकट्या पितळंच्या मूर्तीला. हिला नुसतं पानी, आनि जुन्या लुगड्याचा मऊ बोळा. लोक भांडाय आले माझ्यासंगं. म्हातारी देवीला उपाशी ठेवती म्हनाले. एकवीस वर्सं झाली. तसूभर झिजली न्हाई.”

ऊर्मिला बघत राहिली. हौसाक्कांना वाटलं, उजेड पडला पोरीच्या डोक्यात.

पण सहा महिन्यांचा कोर्स असा सहजासहजी अंगातून जात नाही.

“आक्का,” ऊर्मिला पुढं झुकली, “हे भरून काढता येईल हो. आता इतके चांगले लेप निघालेत. पुण्यात माझ्या ओळखीचे एक जण आहेत. आधी वरचा थर जरा घासून घेतला की...” बोलता बोलता तिचा हात देवीच्या गालाकडे गेला. अंगठा गोल फिरवण्याच्या तयारीत.

हौसाक्कांनी तिचं मनगट पकडलं.

“अगं बया! आता काय करावं हिला? काय करावं!”

ऊर्मिला ओशाळली. तोंडावर रक्त चढलं तसे गाल चरचरले, आणि नकळत दुसऱ्या हातानं ती आपला गाल खाजवायला गेली. हौसाक्कांनी तेही मनगट धरलं. त्या चिंचोळ्या गाभाऱ्यात दोघी तशाच उभ्या राहिल्या, दोन्ही हात अडकलेल्या.

...

“वीस दिवस आहेत आक्का,” ऊर्मिला म्हणाली. आता तिला रडू आवरेना. “ऑर्डर गेली तर दुकान बसेल माझं. वीस दिवस मी काय नुसती बघत बसू?”

“डॉक्टरीणबाईनं मलम दिलंय न्हवं? त्ये लाव.”

“तेवढंच?”

“तेवढंच.”

“आणि नाही झालं बरं वीस दिवसांत?”

“मंग एकविसाव्या दिशी बी त्येच लाव. न्हाईच उतरलं तर पुन्यांदा तिच्याकडंच जा, बाटलीकडं न्हाई.”

हौसाक्कांनी हळूहळू तिची मनगटं सोडली. ते हात आता काय करावं हे न कळून तिच्या दोन्ही बाजूंना नुसते लोंबत राहिले. समोर तो नाक-डोळे नसलेला दगड शांत उभा होता.

“आक्का... दूध बंद, दही बंद, साखर बंद. नुसत्या पाण्यावर ठेवलीत तिला. ती रागावली नाही?”

हौसाक्कांनी मुखवटा पदरानं पुसला.

“तिनं कवा मागितलं हुतं, पोरी? आमालाच करमत न्हवतं.”