मागची कोठी

शेतांना कुंपणं नव्हती तेव्हाची ही गोष्ट. बांधाखाली उंदरांचं एक घर होतं. घरातले म्हातारे आबा भर पावसात वारले. 'तुमची सोय मागच्या कोठीत करून ठेवलीय,' असं ते जन्मभर पोरांना सांगत आले होते. पण ते गेल्यावर थोरल्याने त्या कोठीचं तोंड चिखलाने लिंपून टाकलं आणि तो कुणाला तिकडे फिरकू देईना.

"एकटाच गिळतोय," मधला म्हणाला, आणि त्याने भावाशी बोलणं टाकलं.

धाकट्या हुंगीला मात्र वेगळंच कोडं पडलं होतं. एकटा गिळतोय, तर दादा इतका वाळला कसा? तो बाहेर गेलेला पाहून तिने मागून माती उकरली आणि कोठीत नाक खुपसलं. आत जेमतेम ओंजळभर ज्वारी होती, आणि त्या दाण्यांना कोवळ्या हुरड्याचा वास येत होता. आबा गेले तेव्हा तर शेतात ज्वारी पेरलीही नव्हती.

तेवढ्यात थोरला तोंडात कणीस धरून आला. बहिणीला पाहून त्याने ते हळूच खाली ठेवलं.

"आबांनी काहीच ठेवलं नव्हतं ना?" तिने विचारलं.

"दाणासुद्धा नव्हता. थोडी भरली की उघडणार होतो. नाहीतर आबांचं नाव गेलं असतं."

"आणि तुझं गेलं ते?"

तिने पाडलेलं भोक बुजवायला थोरल्याने चिखल कालवला खरा, पण लिंपलाच नाही; चिखल तसाच वाळून गेला.